नऊ उपग्रह दिसत होते, तरी नळीच्या वाटेत मी हवेत कसा?

डोंगरवेडा | मंगळवार, रात्री १०.१२

मंडळी, गेल्या शनिवारी बेलपाड्याहून नळीच्या वाटेनं, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून, हरिश्चंद्रगड केला. वाटेबद्दल स्वतंत्र लिहीन, गुडघे परवानगी देतील तेव्हा. हा धागा वेगळ्याच कारणासाठी काढलाय.

घरी येऊन मोबाईलमधला ट्रॅक नकाशावर टाकला. बेलपाड्यापासून नळीच्या तोंडापर्यंत रेघ अगदी पायवाटेवरून गेलीय. नळीत शिरलो आणि रेघेला वेड लागलं. एका मिनिटाला मी डावीकडच्या कड्याच्या पोटात, पुढच्या मिनिटाला उजवीकडच्या कड्यापलीकडे हवेत. दुसऱ्या रॉक पॅचखाली दोर लावेपर्यंत आम्ही अर्धा तास नुसते बसलो होतो, लाडू खात. ट्रॅक म्हणतो, त्या अर्ध्या तासात मी सातशे मीटर चाललो आणि दीडशे मीटर चढलो!

गंमत म्हणजे तिथेच बसल्या बसल्या मी उपग्रह दाखवणारं ॲप उघडलं होतं. ‘वापरात : ९’ असं स्वच्छ दिसत होतं. चार उपग्रह पुरतात असं सगळीकडे वाचलंय. नऊ म्हणजे दुपटीहून जास्त. मग बिघडलं कुठे?

जाता जाता दुसरी शंका. डिसेंबरात कळसूबाईच्या माथ्यावर, लख्ख उघड्यावर, याच फोननं उंची १५८२ मीटर दाखवली. कळसूबाई १६४६. तिथे तर कडा नव्हता, काही नव्हतं. दोन्हींचं कारण एकच का?

खवचट_काका | मंगळवार, रात्री १०.३१

बसल्या जागी सातशे मीटर चाल आणि दीडशे मीटर चढ? फोन अजिबात बदलू नका. आमच्या डॉक्टरांना हेच आकडे दाखवायचे आहेत.

बाकी लाडू कसले होते?

साखळीवाला | मंगळवार, रात्री ११.०५

डोंगरवेडा, फोन ठीक आहे. तुम्ही उपग्रह मोजलेत, ते *कुठे* होते ते बघितलं नाहीत. आमच्या मोजणीच्या धंद्यात नव्या पोराला पहिल्या आठवड्यात सांगतात ती ही गोष्ट.

एक कागद घ्या, कंपास घ्या, आणि पेन्सिल मुद्दाम बोथट ठेवा. दोन केंद्रं धरून दोन कंस असे काढा की ते एकमेकांना काटकोनात छेदतील. बोथट पेन्सिलीमुळे प्रत्येक कंस म्हणजे एक जाड पट्टा झालाय. दोन पट्टे जिथे एकमेकांवर पडतात तिथे छोटासा चौकोन मिळेल. तुम्ही त्या चौकोनात कुठेतरी आहात. आता केंद्रं अशी घ्या की कंस एकमेकांना अगदी निसटता छेद देतील. पेन्सिल तीच, पट्टा तेवढाच जाड, पण मधल्या आकाराची झाली लांबच लांब ताणलेली शंकरपाळी. तुम्ही आता त्या शंकरपाळीत कुठेही असू शकता.

पट्ट्याची जाडी म्हणजे मापातली चूक. शंकरपाळीचा आकार म्हणजे भूमिती. मापं तितकीच चांगली असूनही भूमिती वाईट असेल तर उत्तर वाईट.

उपग्रहाचं तसंच. फोन प्रत्येक उपग्रहापासूनचं अंतर काढतो, म्हणजे उपग्रहाभोवतीचा एक जाड कवचाचा गोल. उपग्रह आकाशात चारी दिशांना विखुरलेले असले की हे गोल एकमेकांना नीट कापतात. सगळे एका झुबक्यात असले की निसटते कापतात. नळीत तुम्हाला आकाशाची एक चीर दिसत होती. नऊच्या नऊ त्या चिरेत.

याला डायल्यूशन ऑफ प्रिसिजन म्हणतात, आम्ही नुसतं डीओपी म्हणतो. ताकात पाणी घातलं की ताक पातळ होतं, तशी अचूकता पातळ होते. मापाची चूक गुणिले डीओपी, की आली जागेची चूक. आडव्या दिशेचा एचडीओपी, उंचीचा व्हीडीओपी, दोन्ही मिळून पीडीओपी, त्यात घड्याळाचा टीडीओपी धरला की जीडीओपी. एक-दोन म्हणजे उत्तम. सहाच्या वर गेला तर मी रोव्हर (बिंदूबिंदूवर नेऊन लावायचा आमचा मोजणीचा रिसीव्हर) खाली ठेवून डबा उघडतो.

तुमच्या चिरेकडे परत येऊ. चिरेच्या लांबीच्या दिशेला, म्हणजे नळी जशी जाते तशी, पुढे-मागे उपग्रह थोडे तरी खाली उतरलेले असणार. दोन्ही कड्यांच्या बाजूला मात्र एकही नाही. म्हणून तुमची रेघ नळीच्या लांबीत कमी आणि रुंदीत जास्त हलली असणार. डावा कडा, उजवा कडा, पुन्हा डावा. बघा ट्रॅक परत एकदा, बरोबर आहे का.

डोंगरवेडा | मंगळवार, रात्री ११.२०

साखळीवाले साहेब, दंडवत. आत्ता पुन्हा बघितलं. अगदी तसंच आहे! पुढे-मागे वीसेक मीटर, आडवं साठ-सत्तर. न बघता कसं ओळखलंत?

नीलाक्षी | बुधवार, सकाळी ७.५०

कोनाचा हिशेब आकड्यांत देते, नाहीतर ‘चांगली भूमिती, वाईट भूमिती’ हे हवेतच राहील. दोन अंतरांवरून सपाट कागदावर जागा काढताना एकूण चुकीचा गुणक येतो २ चं वर्गमूळ भागिले दोन दिशांमधल्या कोनाचं साइन. कोन ९० अंश : १.४१. ३० अंश : २.८३. १० अंश : ८.१४. म्हणजे ९० वरून ३० पर्यंत उतरलात तर चूक दुप्पट, फार काही बिघडत नाही. त्याच्या खाली मात्र कोसळतं.

संध्याकाळी घरी आल्यावर नळीसाठी खरा हिशेब करते, चार उपग्रह धरून. ऑफिसच्या बसमध्ये उलट मॅट्रिक्स काढायला नको.

दर्यावर्दी | बुधवार, दुपारी १.१५

हे वाचून जहाजावरचे कॅडेटचे दिवस आठवले. उपग्रह नव्हतेच असं नाही, पण आमचे कॅप्टन जीपीएसच्या पडद्यावर टोपी ठेवायचे आणि म्हणायचे, आता सांग कुठे आहोत.

मुंबईत उत्तरेकडून किनाऱ्या-किनाऱ्यानं येताना माहीमच्या समोरच्या समुद्रातून प्राँग्जचा दिवा आणि खांदेरीचा दिवा, ही दोन्ही दीपगृहं, दक्षिणेलाच. दोघांच्या बेअरिंगमध्ये, म्हणजे होकायंत्रावरच्या दिशेत, फरक जेमतेम पंधराएक अंश. मी पहिल्यांदा या दोन दिव्यांवरून फिक्स (जहाजाची जागा) काढला आणि मोठ्या ऐटीत चार्टवर टिंब ठेवलं. कॅप्टननी पेन्सिल घेतली, माझ्या एका बेअरिंगमध्ये फक्त एक अंशाची चूक धरली आणि रेघ पुन्हा ओढली. टिंब सरकून पार दुसरीकडे गेलं. म्हणाले, दिवे दोन आहेत म्हणून खूश होऊ नकोस, कट बघ. ‘कट’ म्हणजे दोन रेघांचा छेद. तेच जहाज खाली येऊन दोन्ही दिव्यांच्या मधोमध पश्चिमेला आलं की कट काटकोनाजवळ जातो, आणि तीच एक अंशाची चूक चार्टवर फारशी जाणवतही नाही.

जीडीओपी हा शब्दसुद्धा उपग्रहांच्या आधीचा आहे. लोरॅन-सी नावाची जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून चालणारी रेडिओ पद्धत होती, तिच्या काळापासून तो चालत आलाय.

खवचट_काका | बुधवार, दुपारी १.४०

म्हणजे ‘चार लोक काय म्हणतील’ यापेक्षा ते चार लोक कुठे उभे राहून बोलतायत हे महत्त्वाचं.

नीलाक्षी | बुधवार, रात्री ९.२५

काका :)

आणलाय हिशेब. सोपं उदाहरण घेतलं : एक उपग्रह बरोबर डोक्यावर, तीन उपग्रह एकमेकांपासून १२० अंशांवर, सारख्याच उंचीवर. आणि ते तिघे क्षितिजापासून वर वर सरकवत नेले.

तिघे क्षितिजावर असताना : एचडीओपी १.१५, व्हीडीओपी १.१५.
तिघे ३० अंशांवर : एचडीओपी १.३३, व्हीडीओपी २.३१.
तिघे ६० अंशांवर : एचडीओपी २.३१, व्हीडीओपी ८.६२.

शेवटची ओळ दोनदा वाचा. उपग्रहांची संख्या तिन्ही वेळा चारच. मूळ मापात ५ मीटर चूक धरली, तर ६० अंशांच्या विहिरीतून बघताना आडवी चूक साडेअकरा मीटर, पण उंचीची चूक ४३ मीटर. डोंगरवेड्याचा बसल्या जागी दीडशे मीटर चढ इथून आलाय. उंची दर काही सेकंदांनी वर-खाली उडत होती, आणि ॲपनं त्यातले फक्त ‘वर’ जमा केले.

उंचीच इतकी का बिघडते हे मला आधी कळेना. मग गंमत म्हणून फोनचं घड्याळ अणुघड्याळासारखं पक्कं आहे असं धरून, म्हणजे चौथी अज्ञात राशी काढून टाकून, तोच ६० अंशांचा हिशेब पुन्हा केला. व्हीडीओपी ८.६२ वरून ०.५५ वर आला!

म्हणजे खरा चोर घड्याळ आहे. फोनमधलं घड्याळ साधं क्वार्ट्झचं. ते एक मायक्रोसेकंद चुकलं की प्रत्येक अंतरात ३०० मीटर चूक, कारण प्रकाश तेवढ्या वेळात तेवढं जातो. म्हणून अक्षांश, रेखांश, उंची यांच्या जोडीला घड्याळाची चूक ही चौथी अज्ञात राशी, आणि म्हणून किमान चार उपग्रह. आता सगळे उपग्रह डोक्यावरच असतील तर ‘मी दहा मीटर खाली आहे’ आणि ‘माझं घड्याळ दहा मीटरइतकं चुकलंय’ या दोन्ही गोष्टींमुळे सगळी अंतरं जवळपास सारखीच वाढतात. फोनला दोन्हींतला फरक ओळखूच येत नाही. एखादा उपग्रह क्षितिजाजवळ असला तर ओळखू येतो, कारण तुम्ही खाली-वर झालात तरी त्याचं अंतर फारसं बदलत नाही. घड्याळ चुकलं तर मात्र बदलतं.

साखळीवाला | बुधवार, रात्री १०.१०

नीलाक्षीताई, वाहवा. घड्याळाचा मुद्दा इतक्या स्वच्छ शब्दांत मी आजवर कुणाला सांगू शकलो नव्हतो. उद्या पोरांना असंच सांगतो.

यातच पुढचं आलं : उघड्या माळावरसुद्धा उंची आडव्या जागेपेक्षा कच्चीच येते. उत्तरेला, दक्षिणेला, पूर्वेला, पश्चिमेला उपग्रह असतात, पण पायाखाली एकही नसतो. पृथ्वी आड येते.

उत्तरायण | गुरुवार, पहाटे २.३०

नॉर्वेत ट्रॉम्सोला असते, सुमारे ७० अंश उत्तर. इथला किस्सा उलटा आहे. जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांनी कललेल्या, त्यामुळे उपग्रह ५५ अक्षांशाच्या वर येतच नाहीत. इथून आकाशनकाशा बघितला तर टिंबं चहूबाजूंना, ध्रुवापलीकडचेसुद्धा, पण बरोबर डोक्यावरचा भाग रिकामा. आडवी जागा छान येते, उंची नाही. थेट ध्रुवावर गेलं तर एकही उपग्रह सुमारे ४५ अंशांच्या वर चढत नाही.

रशियाच्या ग्लोनासचा कल ६४.८ अंश आहे. देश उत्तरेला असला की कक्षाही तशी आखतात.

तुमच्याकडे पुण्यात उत्तरेच्या आकाशाला भोक आहे का? असायला हवं.

नीलाक्षी | गुरुवार, सकाळी ८.०५

आहे! आत्ता गच्चीवर जाऊन ॲपमध्ये बघितलं आणि हिशेबही केला. पुण्याहून बरोबर उत्तरेला क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांपर्यंत जीपीएसचा एकही उपग्रह कधीच येत नाही. भोकाचा आकार कमानीसारखा, बुडाशी उत्तरेच्या दोन्ही बाजूंना साधारण ३५-३५ अंश. इतकी वर्षं हे ॲप वापरतेय, ती रिकामी कमान कधी लक्षात आली नव्हती.

म्हणजे घराच्या दक्षिणेला उंच इमारत असेल तर आपलं नुकसान दुप्पट. उत्तर आधीच रिकामी, दक्षिण इमारतीनं झाकली.

रानवारा | गुरुवार, सकाळी ११.२०

वाचतेय, पण एक बाळबोध प्रश्न. मग आजकाल फोनच्या जाहिरातीत इतके उपग्रह, तितक्या प्रणाली असं लिहितात, ते सगळं फुकट का? संख्येला अर्थच नाही?

साखळीवाला | गुरुवार, दुपारी २.४५

आहे की. उपग्रह वाढवल्यानं डीओपी कधीच वाईट होत नाही. एक तर सुधारतो नाहीतर तिथेच राहतो. आज एकट्या जीपीएसचे तीसेक उपग्रह चालू आहेत, वर ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बैदू. इतके असले की उघड्यावर चारी बाजूंना कुणी ना कुणी असतोच.

माझे पहिले साहेब सांगायचे त्या काळाची गोष्ट वेगळी. जीपीएस पूर्ण क्षमतेनं चालू झाल्याचं मानतात ते १९९५ च्या एप्रिलपासून. त्याआधी उपग्रह थोडे, म्हणून दिवसातले काही तासच चांगले. उपग्रहांचं पंचांग बघून, पीडीओपीचा आलेख काढून ‘विंडो’ ठरवायची. ती पहाटे तीनला आली तर पहाटे तीनला टेकडीवर, अंगावर घोंगडी घेऊन. ती विंडो रोज चार मिनिटं अलीकडे सरकायची, कारण जीपीएसचा उपग्रह ११ तास ५८ मिनिटांत एक फेरी मारतो. दोन फेऱ्या झाल्या की आकाश पुन्हा तेच, पण चार मिनिटं आधी.

आता विंडो बघायची गरज उघड्या रानात उरली नाही. झाडाखाली, विहिरीच्या कठड्याशी, गल्लीत उरली आहे.

एक प्रसंग सांगतो. गाव सांगत नाही. दोन भावांच्या बांधाची मोजणी. बांधावर जुनं चिंचेचं झाड, आणि वादाचा दगड नेमका त्याच्या बुंध्याशी, उत्तरेच्या अंगाला. म्हणजे बघा : उत्तर जीपीएसला तशीही रिकामी, दक्षिण चिंचेनं झाकलेली. रोव्हर लावला तर पीडीओपी ७.४. तरी ‘फिक्स’, म्हणजे जागा पक्की झाली, असं दाखवतोय! मी नोंद घेतली नाही. धाकटा म्हणाला, मशीन फिक्स म्हणतंय, तुम्ही का थांबलात, थोरल्यानं काही दिलं का? मी म्हटलं, चहा पाजा, वीस मिनिटं बसू. आकाश सरकू दिलं. पीडीओपी २.८ वर आला, मग नोंद घेतली. दुपारी पुन्हा एकदा, वेगळ्या आकाशात, तोच दगड मोजला. दोन्ही नोंदी दीड सेंटिमीटरात जुळल्या. ७.४ वाली मी गुपचूप दुसऱ्या नावानं साठवून ठेवली होती. ती ११ सेंटिमीटर धाकट्याच्या रानात जात होती. त्याला ते मी आजतागायत सांगितलेलं नाही.

बेस (एकाच जागी ठेवलेला दुसरा रिसीव्हर) आणि रोव्हर दोन्ही लावले की हवेची, उपग्रहाच्या घड्याळाची बरीचशी चूक दोन्हीकडे सारखी असल्यानं कटते. म्हणून आमची मूळ चूक सेंटिमीटरात. पण उरलेल्या चुकीला डीओपी गुणतोच, तो कुणाला सोडत नाही.

भिंतीवरचा_पाल | गुरुवार, सायंकाळी ६.१५

सगळे डीओपीच्या प्रेमात पडलेत, म्हणून थोडं विरजण. नळीत आडवे साठ-सत्तर मीटर उडणं हे एकट्या डीओपीचं काम नव्हे. ओल्या बेसाल्टच्या कड्यावर आपटून येणारा सिग्नल थेट सिग्नलपेक्षा लांबचा रस्ता घेतो. फोनला वाटतं उपग्रह तितका लांब आहे. ते नऊ ‘वापरात’ उपग्रह होते, त्यातले तीन-चार तरी कड्याआड असणार आणि त्यांचा फक्त आरसा दिसत असणार. भूमितीचं गणित असे उपग्रह चांगल्या दिशेला आहेत असं समजून उलट डीओपी कमी दाखवतं!

शहरात हेच. दक्षिण-उत्तर रस्ता, दोन्ही बाजूंना वीस मजले. थेट दिसणारे उपग्रह रस्त्याच्या रेषेत, आजूबाजूचे काचेवरून आपटून. मग रिक्षावाला शेजारच्या गल्लीत उभा राहून ‘मी आलोय’ म्हणतो.

साखळीवाला | गुरुवार, सायंकाळी ७.००

एकदम मान्य. डीओपी हा गुणक आहे, गुणला जाणारा आकडा वेगळा. डीओपी फक्त दिशा बघतो, सिग्नलची तब्येत बघत नाही. मी वर लिहिलं की उपग्रह वाढल्यानं डीओपी बिघडत नाही. त्याला जोड : आजारी उपग्रह वाढवला तर डीओपी सुधारतो आणि *जागा* बिघडते.

ओढाताण अशी की भूमितीला हवे असतात क्षितिजाजवळचे उपग्रह, आणि नेमके तेच सगळ्यात खराब. त्यांचा सिग्नल हवेतून तिरपा, लांबचा रस्ता काटून येतो, झाडं-इमारतींना घासतो. म्हणून १० किंवा १५ अंशांखालचे उपग्रह घ्यायचेच नाहीत अशी मर्यादा आम्ही लावतो. ती वाढवली तर सिग्नल स्वच्छ पण व्हीडीओपी चढतो. कमी केली तर उलट. कुठे थांबायचं हे रानागणिक बदलतं. पुस्तकातला एकच आकडा सगळीकडे चालवणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

डोंगरवेडा | गुरुवार, रात्री ९.३०

आणि कळसूबाई? ती राहिलीच.

नीलाक्षी | गुरुवार, रात्री ९.४८

तिचा भूमितीशी संबंध नाही, ती वेगळीच भानगड. उपग्रहावरून निघते ती उंची पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती लंबगोलापासूनची. नकाशावरची १६४६ ही समुद्रसपाटीपासूनची. दोन पृष्ठभाग एक नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात समुद्रसपाटीचा पृष्ठभाग त्या लंबगोलाच्या साठ-सत्तर मीटर *खाली* आहे. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तर शंभर मीटरहून खाली, जगातला सगळ्यात खोल खळगा. तुमच्या ॲपनं हा फरक न मिळवता कच्ची उंची दाखवली. १६४६ मधून ६४ गेले, १५८२. उलट शाबासकी द्या, फोननं त्या दिवशी उंची फार छान मोजली होती!

ओळखायची खूण : चूक रोज तेवढीच, त्याच बाजूला असेल तर हे कारण. चूक नाचत असेल तर भूमिती किंवा भिंतीवरच्या पालींचा आरसा.

कोकणकडा_७१ | शुक्रवार, सकाळी ९.१०

आपल्या नाविकबद्दल, म्हणजे भारताच्या स्वतःच्या उपग्रह प्रणालीबद्दल, कुणी बोललं नाही. त्याचे उपग्रह तर आपल्याचसाठी सोडलेत, मग भूमिती आपल्याला सगळ्यात चांगली असेल ना?

नीलाक्षी | शुक्रवार, दुपारी १२.३५

हो आणि नाही. नाविकची मूळ आखणी सात उपग्रहांची. पहिला २०१३ च्या जुलैत गेला, सातवा २०१६ च्या एप्रिलमध्ये. तीन भूस्थिर : ३२.५, ८३ आणि १२९.५ अंश पूर्व रेखांशावर. चार तिरप्या कक्षेत, २९ अंश कललेले. ते आकाशात रोज इंग्रजी आठचा आकडा काढतात, दोन ५५ अंश पूर्वेभोवती, दोन १११.७५ भोवती.

पुण्याहून बघितलं तर तीन भूस्थिर उपग्रह कायम दक्षिणेच्या अंगाला. मधला सुमारे ६६ अंश उंच, पश्चिमेकडचा ३८, पूर्वेकडचा २४. ते हलत नाहीत, केव्हाही बघा तिथेच, हा मोठा फायदा. पूर्व-पश्चिम पसाराही छान. पण उत्तरेला खालच्या बाजूला काहीच नाही; तिरपे उपग्रह उत्तरेकडे आले तरी उंचच राहतात. म्हणून एकट्या नाविकवर पूर्व-पश्चिमेपेक्षा उत्तर-दक्षिण दिशा कच्ची. सातांतला एखादा बंद पडला की लगेच जाणवतं, कारण जागा भरून काढायला शेजारी कुणी नाही. काही उपग्रहांची घड्याळं बिघडली, २०१७ मध्ये बदली पाठवलेला उपग्रह उष्णताकवच न उघडल्यानं वायाच गेला, त्याची झळ म्हणूनच जास्त बसली. जीपीएसचा एक गेला तर आपल्या लक्षातही येत नाही.

जीपीएसबरोबर मिळून मात्र नाविक फार उपयोगी. भोक दोघांचंही उत्तरेलाच, ते काही बुजत नाही. पण इमारतीच्या आडून एक-दोन उपग्रह कमी पडतात तेव्हा कायम जागेवर असणारा हा गडी धावून येतो.

डोंगरवेडा | रविवार, सायंकाळी ५.४०

प्रयोग करून आलोय. आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, गॅलरी पश्चिमेला. फोन गॅलरीच्या कठड्यावर एक तास ठेवला, दर सेकंदाला नोंद. मग गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून लांब, आणखी एक तास.

गच्चीवरची टिंबं : गोल पुंजका, तीन-चार मीटरांचा. एचडीओपी ०.७ ते ०.९.

गॅलरीतली टिंबं : पूर्व-पश्चिम लांबलचक काकडी! उत्तर-दक्षिण आठ-दहा मीटर, पूर्व-पश्चिम चाळीस. एक टोक आमच्या जिन्यात, दुसरं समोरच्या इमारतीतल्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात. पण साखळीवाले साहेब, एक कळलं नाही. नळीत ज्या बाजूला उपग्रह *नव्हते* त्या दिशेला चूक होती. गॅलरीत तर पश्चिमेला भरपूर उपग्रह, मग पश्चिमेच्याच रेषेत चूक का?

नीलाक्षी | रविवार, सायंकाळी ६.२०

पुन्हा घड्याळ. पश्चिमेला आहेत पण पूर्वेला नाहीत, म्हणून ‘मी पूर्वेला सरकलो’ आणि ‘घड्याळ चुकलं’ हे सारखंच दिसतं. दोन्ही बाजूंना असते तर एकाकडून अंतर वाढलं, दुसऱ्याकडून घटलं, आणि घड्याळाचं सोंग उघडं पडलं असतं. उत्तर आणि दक्षिण दोन्ही अंगांना तुम्हाला थोडे थोडे दिसत होते, म्हणून तिकडे काकडी बारीक.

खवचट_काका | रविवार, सायंकाळी ६.४५

समोरच्या स्वयंपाकघरात काय शिजत होतं?

रानवारा | रविवार, रात्री ८.३०

साखळीवाले काका, एक घरचं काम. आमच्या आंबराईत हद्दीचे चार खांब आहेत, त्यातला एक हापूसच्या दाट झाडाखाली. पुढच्या महिन्यात मोजणीवाले येणार आहेत. झाड तोडावं लागेल का हो? आईनं लावलेलं आहे.

साखळीवाला | रविवार, रात्री ९.०५

अजिबात नाही! झाडाखाली रोव्हर लावायचाच नाही. खांबापासून दहा-पंधरा मीटरवर, झाडाच्या सावलीबाहेर, दोन उघडे बिंदू निवडायला सांगा. ते दोन रोव्हरनं मोजायचे, आणि त्या दोघांपासून खांबापर्यंत टेपनं अंतर घ्यायचं. दोन टेपा खांबापाशी काटकोनाच्या जवळपास मिळतील असे बिंदू घ्या. तीसच्या खाली कोन नको, आमच्या डिप्लोमाच्या पुस्तकात त्रिकोणाचा नियम तोच होता. टेप आडवी आणि ताणलेली धरा, फांदीवरून नेऊ नका. आणि तिसरा बिंदू पडताळ्यासाठी घ्याच, मोजणीवाला कुरकुरला तरी.